मांजराएवढी, पण मांजर नव्हे

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेलगत रात्री बॅटरीच्या उजेडात मांजराएवढे, ठिपकेदार अंगाचे एक जनावर दिसले आणि लगेच करवंदीच्या जाळीत शिरले. वडील म्हणतात, ती पिसोरी. तिच्या नराला सुळेही असतात. मग पिसोरी मांजराच्या कुळातली समजावी का?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : नाही. पिसोरी हे खुरांचे, रवंथ करणारे जनावर आहे. वजन दोन ते चार किलो आणि खांद्यापाशी उंची जेमतेम एक फूट, म्हणजे घरच्या बोक्याएवढीच. पण साम्य बहुतेक तिथेच संपते. कुळाने ती गोठ्यातल्या गाईला जवळची आहे. इतकेच नव्हे, तर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाच्या पिल्लाशीही तिचे नाते मांजरापेक्षा जवळचे निघते.

सुळ्यांनी आपली गफलत झाली, ती स्वाभाविक आहे. मांजराचे सुळे भक्ष्याची मान पकडण्यासाठी असतात आणि ते नर-मादी दोघांनाही सारखेच लागतात. पिसोरीला शिंगे नसल्यामुळे नर एकमेकांशी झुंजताना वरच्या जबड्यातून खाली आलेले सुळे वापरतो. खाणे मात्र गळून पडलेली फळे आणि कोवळा पाला. गाईप्रमाणेच तिला वरचे पुढचे दात नसतात, मात्र गाईच्या पोटाचे कप्पे चार, तर हिचे तीन. मांजरी दोन महिन्यांत तीन-चार आंधळी पिल्ले घालते; पिसोरी सुमारे पाच महिन्यांनी बहुधा एकच पिल्लू देते, आणि ते डोळे उघडे ठेवूनच जन्मते.

तरीही आपण पाहिलेले जनावर पिसोरीच होते, असे इथे बसून सांगणे धाडसाचे ठरेल, कारण वाघाटी ही मांजरकुळातली रानटी जातही ठिपकेदार आणि मांजराएवढीच असते. वाघाटीचे ठिपके गडद आणि शेपूट लांब. पिसोरीच्या तपकिरी अंगावर पांढुरके ठिपके व पट्टे, आणि शेपूट नावापुरते. पळत्या जनावराचे एवढे टिपता आले नसेल, तर सकाळी जाळीच्या तोंडाशी ओली माती पाहावी. मांजरकुळातले जनावर चालताना नखे आत ओढून घेते, त्यामुळे मातीत गादी आणि चार बोटे गोलसर उमटतात, नखे उमटत नाहीत. पिसोरी गेली असेल, तर अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन टोकदार खुरांची जोडी शेजारी शेजारी रुतलेली दिसेल.