चालायचे कुठे, हेही विचारायला हवे

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. सासूबाईंचे वय ६८ असून त्यांना मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी आहे. रुग्णालयातून घरी सोडताना सिस्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. पण दोन आठवड्यांत त्यांनी चालणे सोडले. तपासणीला गेलो की ‘त्या मनावर घेत नाहीत’ असे ऐकावे लागते. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि पदपथ नाही. हा त्यांचा आळस समजायचा का?

उत्तर : नाही, ताई. परिचारिका म्हणून तीस वर्षांच्या नोकरीत ‘रोज चालणे’ हे दोन शब्द मीही असंख्य रुग्णांच्या कागदावर लिहिले. त्यांच्या दारापुढे चालायला जागा आहे का, हे मात्र फार थोड्यांना विचारले, याची मला खंत आहे. आधुनिक परिचर्येचा (नर्सिंगचा) पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी निरोगी घरासाठी शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टी आवश्यक मानल्या होत्या. म्हणजे रुग्णाभोवतीची जागा हा परिचर्येचाच विषय आहे, आणि ती जागा उंबरठ्यापाशी संपत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत म्हाताऱ्या माणसांना चौकात फेऱ्या मारता येत आणि दमल्यावर ओट्यावर टेकता येई. (वाड्यांतल्या कित्येक खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट असत, हेही खरे.) गोल्फ क्लब मैदान आणि कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक चांगले आहेत, पण सिडकोतून रोज रिक्षा करून तिथे जा, असे मी सुचवणार नाही.

एक गोष्ट सासूबाईंना एकांतात विचारा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वाटेत स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया बाहेर पडायच्या दिवशी ती गोळी टाळतात, पाणी कमी पितात किंवा बाहेर जाणेच सोडून देतात, आणि संकोचामुळे हे डॉक्टरांपर्यंत कधीच पोहोचत नाही. तसे असेल तर गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदल करू नका.

मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर त्याचीही भीती असू शकते. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना सेकंदाला साधारण १.२ मीटर चाल धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार व्हायला हवा, पण दुखऱ्या गुडघ्यांनी ०.८ मीटरच्या गतीने चालणाऱ्या बाईला १५ सेकंद लागतात.

म्हणून एकदा त्यांच्यासोबत, त्यांच्याच गतीने चाला. त्या कुठे थांबतात, कशाचा आधार घेतात, कुठे टेकावेसे वाटते, हे वहीत टिपून पुढच्या तपासणीला सिस्टरांना दाखवा. तीच टिपणे शेजाऱ्यांच्या सह्यांसह महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात द्या आणि बाक, गतिरोधक, गाड्या लावण्याची ठरलेली जागा अशा नेमक्या मागण्या करा. तोवर अर्धा तास सलग चालण्याचा आग्रह नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते आणि ती तुकड्यांनी झाली तरी चालते; गल्ली मोकळी असते त्या वेळी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या पुरेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी चालू देऊ नका. पायांत बंद, मऊ पादत्राणे हवीत, आणि रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत, कारण मधुमेहात पायाची जखम दुखतेच असे नाही.