टेक्सासमध्ये पठाणी होल्याच्या शिकारीला मर्यादा नाही, हे खरं का? आणि त्यासाठी जुनी दुनळी बंदूक चालेल का?

खरं आहे, या कबुतरासारख्या पक्ष्याला तिथे मर्यादा नाही. पण तुम्ही लिहिलंय की एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर नुकतेच आलात, ऑफिसातला मित्र रँचवर बोलावतोय आणि त्याच्या आजोबांची दुनळी तुमच्या हातात देणार आहे. या तपशिलांमुळे उत्तर नुसतं ‘हो’ म्हणून थांबवता येत नाही. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि होल्यांच्या शिकारीला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा नुसतं काडतूससुद्धा जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. बंदूक मित्राची आहे, घटकाभरच हातात घेतली, ही सबब चालत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला तुमच्या कामाचा एक म्हणजे इथला वैध शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. टेक्सासचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो आणि राज्याच्या बऱ्याच भागात होल्यांचा हंगाम 1 सप्टेंबरला उघडतो. त्या पहाटे खिशात जुना परवाना असेल तर तुमचा अपवादही संपलेला असतो. जन्म 2 सप्टेंबर 1971 चा किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डाच्या वाटेवर असलेल्या माणसाने इथे अंदाजाने चालू नये.

आता पक्षी. हा आपलाच होला. सोलापूर-मराठवाड्याकडे बाभळीवर नाहीतर विजेच्या तारेवर बसून घुमतो तोच, मानेच्या मागे काळी अर्धी पट्टी असलेला. भारतीय उपखंड त्याचं मूळ घर. तिथून तो तुर्कस्तान, बाल्कन असा सरकत गेला आणि विसाव्या शतकात सगळ्या युरोपात पसरला. इंग्लंडमध्ये त्याने पहिलं घरटं केलं ते 1955 साली. अमेरिकेत मात्र तो माणसाच्या हातून आला. 1974 मध्ये बहामातल्या नासाऊ शहरात पाळीव पक्ष्यांच्या एका दुकानातून काही होले निसटले, मग मालकाने उरलेले पन्नासेक सोडून दिले. ते समुद्र ओलांडून 1980 च्या दशकात फ्लोरिडात पोचले आणि पुढे थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत. म्हणून इथे तो परका धरला जातो. स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा 1918 चा कायदा त्याला लागू होत नाही आणि टेक्सासमध्ये त्याला बंद हंगाम नाही, दिवसाची मर्यादाही नाही.

पण त्याच तारेवर शेजारी मोर्निंग डव्ह नावाचा इथला मूळचा होला बसलेला असतो. त्याला हंगाम आहे आणि व्हाइट-विंग्ड डव्ह हा दुसरा इथला होला धरून दिवसाला एकूण 15 ची मर्यादा आहे. दाणे मुद्दाम टाकून त्यांना मारणं हाही गुन्हा आहे. म्हणून सगळी मदार ओळखण्यावर. मोर्निंग डव्ह सडपातळ, शेपूट टोकदार, उडताना पंखांची शिट्टी वाजते. आपला होला अंगाने भरलेला, रंगाने फिकट, शेपूट चौकोनी आणि कडेला पांढरी. शेपूट नीट दिसली नाही तर बार काढायचा नाही, या नियमात मी स्वतःला सूट देत नाही. मारलेल्या होल्याची पिसंही घरी पोचेपर्यंत ठेवा, म्हणजे वाटेत गेम वॉर्डनने, म्हणजे शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, अडवलं तर कोणता पक्षी आहे ते दाखवता येतं.

इथले पुष्कळ शिकारी म्हणतात, हा परका पक्षी, याला मारणं म्हणजे निसर्गाची सेवा. मला हे पटत नाही. होल्याची जोडी वर्षाला तीन-चार वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, दोन-दोन अंडी घालते, आणि राहते बहुतेक गावात, जिथे बंदूक चालवता येत नाही. रानाकडेच्या धान्याच्या कोठारापाशी तुम्ही-आम्ही मारलेल्या पक्ष्यांनी त्यांची संख्या हलत नाही. खायला मारतो, आणि मारलेलं सगळं खातो, एवढंच कारण मी मानतो. तेवढं पुरेसं वाटत नसेल तर शिकारीला जाऊ नये.

दुनळी चालेल का? उत्तम चालेल, पण आजोबांची आहे म्हणून आधी जाणत्या गनस्मिथला, म्हणजे बंदुकीच्या कारागिराला, दाखवा. जुन्या इंग्लिश बारा बोअर बंदुकीचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, पुष्कळदा अडीच इंची असतं आणि इथल्या दुकानातलं काडतूस पावणेतीन इंची. ते आत बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली तर त्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या, असू शकतात. त्यात आजची काडतुसं घालू नका. जुन्या नळ्यांत स्टीलचे छरेही नकोत.

बंदूक ठीक निघाली तर होल्यांसाठी मी तीच घेईन. जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, तिचा चोक, म्हणजे तोंडाकडचा आवळ, मोकळा, म्हणून छरे लवकर पसरतात. मागचा डाव्या नळीचा, तिचा चोक आवळलेला, लांबच्या पक्ष्यासाठी. दाण्यावर उतरणारा होला जवळ असतो, त्याला पुढचा चाप. बार ऐकून वळून निघालेल्याला मागचा. कुठलं बटण फिरवायचं नाही, बोट तेवढं मागे सरकतं. साडेसात नंबरचे छरे मोर्निंग डव्हला पुरतात, हा मोठा आहे म्हणून मी सहा नंबर, म्हणजे जरा मोठे छरे, घेतो. आणि दोन बारांनंतर बंदूक मधून उघडून भरावीच लागते. तेवढ्या वेळात पडलेला पक्षी कुठे गेला ते डोळ्यांनी धरून ठेवता येतं, नाहीतर गवतात तो हरवतो.

पक्ष्यामागे आकाश दिसत असेल तरच बार. कोठाराच्या पत्र्याकडे, गुरांकडे, कमरेच्या उंचीवरून जाणाऱ्या पक्ष्यावर कधीच नाही.

घरी आणल्यावर आधी चोच उघडून घसा बघा. आत पिवळसर, पनीरसारखा थर असेल तर तो ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा रोग असू शकतो. असा पक्षी खायचा नाही. छाती कापताना जिथे छर्रा घुसलाय तिथे बारीक पिसंही आत ओढली गेलेली असतात, ती सुरीच्या टोकाने काढा, नाहीतर रश्शाला वास येतो. छातीचं मांस तव्यावर झटपट परतायचं, फार शिजवलं की ते यकृतासारखं कोरडं लागतं. तंगड्या आणि पाठीचा सांगाडा मात्र कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तासभर ठेवा, आणि जेवायला बसलेल्यांना छरे राहिले असतील म्हणून जपून चावायला सांगा.

गावी सुट्टीवर गेल्यावर हा उद्योग करू नका. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने या होल्याची शिकार गुन्हा आहे.