‘इन’च्या कंसात यादी भरताना

भावा, तुझ्या पीएचपीच्या पानावर कागल, करवीर, पन्हाळा असे तीन तालुके निवडूनही गुळाचे व्यापारी एकट्या कागलचेच येतात ना? क्वेरीतल्या ‘इन’च्या (‘या यादीतलं कुठलंही’) कंसात एकच प्रश्नचिन्ह, म्हणजे किंमत नंतर भरायची एकच जागा, ठेवून तू त्यात तालुक्यांच्या आयडींची ‘३,७,९’ ही अख्खी स्ट्रिंग बसवलीस. आकड्याच्या कॉलमशी जुळवताना मायएसक्यूएल (आपला डेटाबेस) त्यातला ३ तेवढा घेतं, बाकीचं सोडून देतं. एररही येत नाही, हीच खरी गोची.

जेवढे आयडी तेवढी प्रश्नचिन्हं लागतात. अ‍ॅरे फिल या फंक्शननं ती तयार कर, इम्प्लोडनं स्वल्पविराम घालून जोड, आयडींचा अ‍ॅरे एक्झिक्यूटला दे. आधी अ‍ॅरे फिल्टर मारून काही आयडी गाळले असशील तर अ‍ॅरे व्हॅल्यूज फिरवून घे, नाहीतर मधले क्रमांक (‘की’) गळालेले बघून पीडीओ, म्हणजे पीएचपीचं डेटाबेसशी बोलणारं साधन, अडतं. फॉर्ममधून आलेलं थेट क्वेरीत चिकटवायचा तर नादच करू नकोस. आणि यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नको. रिकाम्या कंसावर मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर फेकतं.