फ्लॅश कधी पडतो, कधी पडत नाही: कॅमेरा बिघडलाय असं ठरवण्याआधी

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महिन्याभरापूर्वी कॅनन १५००डी घेतला, सोबत आलेली १८-५५ लेन्स वापरता. भाचीच्या बारशाला नव्वदेक फोटो काढले. त्यात काहींना फ्लॅश पडलाच नाही, काहींना पडला तरी फोटो काळा आला, आणि दोन-तीनदा फ्लॅश नुसता तडतडला पण फोटो निघालाच नाही. दुकानदार म्हणतो, वरून लावायचा मोठा फ्लॅश घ्या. मला विचाराल तर आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तिन्हींची कारणं बहुतेक वेळा सेटिंगमध्येच सापडतात.

आधी फोटो संगणकावर घ्या. एकेका फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये खाली 'फ्लॅश मोड' अशी ओळ असते. त्या फोटोला फ्लॅश पडला होता की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. फोटो काळा आला म्हणजे फ्लॅश पडला नाही असं आपण धरून चालतो, पण ते तितकंसं खरं नसतं. 'पडलाच नाही' आणि 'पडला पण पोचला नाही' हे दोन ढीग वेगळे करा. एवढ्यानं अर्धं काम होतं.

पडलाच नाही त्या ढिगाचं बघू. तुम्ही लिहिलंय की डायल कधी हिरव्या ऑटोवर होती, कधी पी-वर. हिरव्या ऑटोत फ्लॅश लावायचा की नाही हे कॅमेरा स्वतः ठरवतो. उजेड पुरेसा वाटला तर फ्लॅश वर येणारच नाही. डायलवरच्या पी, एव्ही, टीव्ही, एम या चार मोडांत मात्र कॅमेरा आपणहून काही करत नाही, विजेच्या खुणेचं बटण दाबून फ्लॅश तुम्हीच वर काढायचा. लँडस्केप आणि स्पोर्ट्समध्ये तो पडत नाही. शिवाय त्या डायलवर हिरव्या ऑटोच्या अगदी शेजारी 'फ्लॅश बंद'ची खूण आहे. कॅमेरा पिशवीतून काढताना डायल एक घर सरकली की संपलं, आणि घाईत कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. म्हणून महिनाभर तरी डायल पी-वर ठेवा आणि फ्लॅश स्वतःच्या बोटानं वर काढा. हवा तेव्हा वर, नको तेव्हा दाबून खाली. कॅमेऱ्यानं काय ठरवलं असेल हा प्रश्नच उरत नाही.

आता काळे फोटो. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण नव्या माणसाला हे कुणी नीट सांगत नाही. फ्लॅशची ताकद 'गाइड नंबर'मध्ये मोजतात. तुमच्या कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा हा आकडा आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते) १०० ला साधारण ९.२ आहे, मीटरमध्ये. त्याला लेन्सच्या एफ आकड्यानं (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते हा सांगतो, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) भागलं की फ्लॅश किती लांब पोचेल ते कळतं. झूम करून ५५ वर गेलात की तुमच्या लेन्सचं छिद्र एफ ५.६ च्या वर उघडतच नाही. ९.२ भागिले ५.६ म्हणजे जेमतेम १.६ मीटर. पाळण्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायकांपर्यंतही एवढ्यात उजेड जात नाही! आणि तुम्हीच लिहिलंय की फोटो दाणेदार येऊ नये म्हणून एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे आयएसओ १०० वर कायम ठेवला होता. सल्ला उन्हातल्या फोटोंसाठी चांगला आहे, रात्रीच्या हॉलसाठी नाही.

आयएसओ चौपट केला की पल्ला दुप्पट होतो. ४०० ला तोच फ्लॅश ३.३ मीटर जातो, १६०० ला साडेसहा मीटर. झूम न करता १८ वर राहिलात तर छिद्र एफ ३.५ पर्यंत उघडतं, मग १०० ला सुद्धा २.६ मीटर मिळतात. म्हणजे लांब उभं राहून झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जाणं केव्हाही चांगलं. घरातल्या कार्यक्रमाला आयएसओ ८०० लावून बघा. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. आजीचा चेहरा ओळखू येणं जास्त महत्त्वाचं आहे.

फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली आली असेल तर लेन्सचा हूड, म्हणजे पुढे लावलेली झालर, काढा. छोटा फ्लॅश लेन्सच्या जवळ असतो, हूड त्याला आडवा येतो.

तडतड झाली आणि फोटो निघाला नाही, त्याचं उत्तर सोपं आहे. अंधारात फोकस सापडावा म्हणून हा कॅमेरा शटरचं बटण अर्धं दाबल्यावर फ्लॅशचेच लहान लहान झोत टाकतो. ती फोटोची वेळ नव्हेच. त्यातूनही फोकस सापडला नाही तर शटर उघडत नाही. पांढरी भिंत, एकरंगी दुपटं अशा गोष्टींवर फोकस अडतो. बाळाच्या डोळ्यांच्या कडेवर किंवा कुंचीच्या काठावर फोकसचा मधला बिंदू ठेवा, व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावायच्या खिडकीतला) हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण पूर्ण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये 'बिझी' असं दिसलं तर फ्लॅश चार्ज होतोय, दोन-तीन सेकंद थांबा. लाल डोळे टाळण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. आधी दिवा लागतो, लोकांना वाटतं फोटो झाला, आणि खरा फ्लॅश पडेपर्यंत माना वळलेल्या असतात.

हे सगळं करूनही फ्लॅश वर येत नसेल तर एक जागा तपासायची राहते. काही वर्षांपूर्वी मी जोतिबाच्या चैत्र यात्रेला कॅमेरा घेऊन गेलो होतो. तिथला गुलाल तुम्हाला माहीतच असेल, माणूस आतून-बाहेरून गुलाबी होतो. घरी आल्यावर फ्लॅश वर यायचा बंद झाला. दुरुस्तीवाल्यानं फ्लॅशचा पूर्ण भाग बदलायला सांगितला. मनाला पटेना म्हणून कॅमेरा खिडकीत धरून बघितला. वर बाहेरचा फ्लॅश सरकवायची जी पत्र्याची खाच असते, तिच्या कडेखाली गुलाबी रेघ दिसत होती. कित्येक कॅमेऱ्यांत त्या खाचेत एक अगदी बारीक स्विच असतो. तो दाबलेला राहिला की कॅमेऱ्याला वाटतं वर दुसरा फ्लॅश बसलाय, आणि मग आतला फ्लॅश तो उघडत नाही. बॅटरी काढली, कॅमेरा उलटा धरला, कोरड्या मऊ ब्रशनं आणि लाकडी टूथपिकनं कड हळूहळू साफ केली. तळहातावर चिमूटभर गुलाल पडला. बटण दाबलं आणि फ्लॅश टक् करून वर आला. पाणी, तेल, फवारा यांतलं काहीही तिथे घालू नका. आणि कॅमेरा असो की फ्लॅश, कधी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. मोठा फ्लॅश चांगलाच, छतावर मारून मऊ उजेड मिळतो, पुढेमागे जरूर घ्या. पण १५००डी आणि २००डी टू या कॅमेऱ्यांच्या खाचेत मधला गोल कॉन्टॅक्ट, म्हणजे फ्लॅशला 'पड' असा इशारा देणारा ठिपका, दिलेलाच नाही. स्वस्तातले साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश पाडणारं यंत्र) त्या एकाच कॉन्टॅक्टवर चालतात. ते तुमच्या कॅमेऱ्यावर कधीच पडणार नाहीत, आणि तुम्ही परत कॅमेऱ्यालाच दोष द्याल. कॅननच्या ईटीटीएल पद्धतीचा (यात फ्लॅशचा उजेड किती हवा ते कॅमेरा स्वतः ठरवतो), या मॉडेलवर चालतो असं स्पष्ट लिहिलेला फ्लॅशच घ्या, तोही दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, चार फोटो काढून.

मोठ्या फ्लॅशमध्ये सेल रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे वापरा, सगळे एकाच वेळी घेतलेले. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मी घाईत दोन नवे आणि दोन रिमोटमधले जुने सेल घातले होते. अक्षता पडल्या त्या क्षणी फ्लॅश चार्जच होत होता. तो फोटो आमच्याकडे नाही.

आज संध्याकाळी घरात एक दिवा ठेवून एवढं करा: डायल पी, फ्लॅश वर, आयएसओ ८००, झूम १८ वर. कुणाला तरी दोन मीटरवर खुर्चीत बसवा आणि दर पाच सेकंदांनी एक असे वीस फोटो काढा. वीसच्या वीस उजळ आले तर कॅमेरा ठणठणीत आहे. मधलेच दोन-चार काळे आले तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा वीस काढा. तरीही तसंच झालं तर वॉरंटीत आहे तोवर अधिकृत सेवा केंद्रात न्या, आणि हे वीस फोटो कार्डवर तसेच ठेवून न्या. निकाल इथे कळवा, काळ्या फोटोंचे डिटेल्स टाकलेत तर मी बघून सांगतो.