कोरा लाल टॅग

प्रश्न : सर, मी कुपवाडला राहतो. वय 44. ऑटो पार्टच्या एका मशिनशॉपमध्ये 17 वर्षं क्वालिटीत होतो, शेवटची 6 वर्षं इन्स्पेक्शनचा इन्चार्ज. मालकांनी काम दुसरीकडं हलवलं, इथलं युनिट बंद केलं. त्याला 11 महिने झाले. डायरीत नोंद ठेवलीय : 43 अर्ज, 6 मुलाखती. दोघं ‘कळवतो’ म्हणाले, बाकीचे काहीच बोलले नाहीत. मिसेस मिरजेत एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, घर तिच्यावर चाललंय. मुलगी बारावीला. गल्लीत ‘घरून काम करतो’ म्हणून सांगितलंय. आई पलूसकडं गावी असते, तिला अजून कळू दिलेलं नाही. सुरुवातीला सकाळी आठला आवरून बसायचो, आता दहापर्यंत उठवत नाही. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. मेव्हणा म्हणतो, चाकणला ये. वयामुळं घेत नाहीत की माझ्यातच काही कमी आहे, कळत नाही. रात्री कधी कधी वाटतं, आपण नसतो तर विम्याचे तरी पैसे घरात आले असते. उमेद कशी टिकवायची?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : विम्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मला ते तसं वाचता येत नाही, म्हणून आधी तेच. आज रात्री मुलगी झोपली की ते वाक्य मिसेसना जसंच्या तसं सांगा. गोड करून नको, हसत नको. त्यांना पैशाची काळजी आहे असं तुम्ही धरून चाललाय. तुम्ही नसण्याचा हिशेब त्यांना विचारून मांडलेला नाही. आणि तो विचार परत परत यायला लागला तर 14416 वर फोन करा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, 24 तास चालते, मराठीत बोलता येतं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडीही आहे. ताप आला की जातो तसं जायचं. एवढं केलंत तर माझं पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आता तुमच्या कामाच्या भाषेत बोलू. पार्टमधला बोअर, म्हणजे भोक, ओव्हरसाइज निघाला की तुम्ही रिजेक्टचा लाल टॅग लावत होता आणि त्यावर लिहीत होता : बोअर ओव्हरसाइज, इतके मायक्रॉन, अमुक मशिन, अमुक शिफ्ट. कारण न लिहिता टॅग लावला असता तर प्रॉडक्शनवाले तुमच्या टेबलावर येऊन भांडले असते. तुमच्या 43 अर्जांपैकी एकावरही असं काही लिहून आलेलं नाही. कोरे टॅग. ते तुम्ही घरी बसून एकेक करून भरलेत, आणि सगळ्यांवर एकच कारण : माणूस खराब. कशानं मापलं?

मीही भरले होते. 1997 साली माझं वय 37. सांगलीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायच्या कामाला होतो, तो बंद पडला. 16 महिने मी रिकामा होतो. त्यातले पहिले दोन महिने मी रोज डबा घेऊन साडेसातला घराबाहेर पडत होतो. विश्रामबागेतून मिरजेला जायचं, प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि बाकावर बसायचं. पंढरपूरकडं जाणारी छोटी लाइन तेव्हा चालू होती. त्या इटुकल्या डब्यांत लोक गाठोडी कोंबताना बघत माझे किती दिवस गेले सांगता येत नाही. एकला डबा खायचा, नळावर घासायचा, साडेपाचला घरी. वाटायचं, कुणाला पत्ता नाही. बायकोला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. कारखान्यात असताना मी उभ्या जन्मात डबा घासून आणला नव्हता. ती काही बोलली नाही. मग एका सकाळी म्हणाली, “आजपासून इथंच जेवा की. भाजी गरम तरी पोटात जाईल.” एवढंच.

पुढचं मात्र नीट ऐका. त्या काळात मिरज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अर्ज टाकला होता, पाकिटात, टाइप करून. उत्तर नाही. सात महिने मी त्या न आलेल्या उत्तरावर विचार केला. इंग्रजी कच्चं वाटलं असेल. आधीचा कारखाना बंद पडला म्हणजे युनियनवाला असेन असं वाटलं असेल. फोटोत मी म्हातारा दिसतोय. मग एक दिवस तिथला टाइमकीपर मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला, आणि दोन महिन्यांपुरता बदली माणूस हवा म्हणून ओळखीतून मला बोलावणं आलं. दोन महिन्यांची वीस वर्षं झाली. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कपाट आवरायला घेतलं, तर खालच्या खणात माझंच अक्षर दिसलं. पाकीट फोडलेलंच नव्हतं. वर भडंगाच्या तेलाचा डाग.

त्या दिवशी राग आला नाही, हसूही आलं नाही. खुर्चीवर बसून राहिलो. सात महिने ज्यांनी मला नापास केलं, त्यांनी पेपरच उघडला नव्हता.

मग वीस वर्षं ते कपाट माझ्याच ताब्यात होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मीही कित्येकांना उत्तरं दिली नाहीत. का? एकदा जाहिरात दिली आणि गिऱ्हाइकाचं शेड्यूल निम्म्यावर आलं, जागाच रद्द. एकदा सुपरवायझरनं आपला भाचा आणून उभा केला. एकदा ऑडिटमध्ये ‘मनुष्यबळ कमी’ असा शेरा आला, तो मिटवायला जाहिरात काढली. माणूस घ्यायचा विचार पहिल्या दिवसापासून नव्हता. आणि पुष्कळदा, ‘उद्या कळवू’ म्हणता म्हणता राहून गेलं. त्या अर्जांतली चांगली माणसं आठवतात मला. त्यांच्यात काही कमी नव्हतं. तेव्हा डायरीत एक रकाना वाढवा : ‘कारण’. समोरच्यानं तोंडानं सांगितलं असेल तरच तिथं लिहायचं. नाहीतर कोरा ठेवायचा. कोरा रकाना बघवत नाही, हे क्वालिटीतल्या माणसाला मी सांगायला नको, पण अंदाजानं रीडिंग भरायचं नाही हेही तुम्हीच पोरांना शिकवलं असणार.

वयाची अडचण नाही असं खोटं बोलणार नाही. पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात काय असतं ते सांगतो. 44 हा आकडा त्याला नडत नाही. त्याला भीती असते, की हा जुना पगार मागेल आणि 28 वर्षांच्या मॅनेजरचं ऐकणार नाही. तो हे विचारणार नाही. म्हणून तुम्हीच काढा : “आधी इतका होता, इतक्यावर सुरुवात करीन, आणि माझ्यापेक्षा लहान साहेबाच्या हाताखाली काम केलेलं आहे.” किती कमी पगार चालेल ते घरी आधी ठरवून जा. तिथं बसून ठरवाल तर खचलेल्या मनानं आणखी खाली याल.

अर्ज टाकण्यावर दिवसाचे दोन तास, त्याहून जास्त नको. कुपवाड-मिरजेतल्या चाळीस-पन्नास माणसांच्या शॉपमध्ये माणूस अर्जावरून फारसा घेतलाच जात नाही. कुणाकडं माणूस लागणार हे आधी कुणाला कळतं? गेज कॅलिब्रेशनवाल्याला, म्हणजे मापायची साधनं तपासून देणाऱ्याला. एखाद्या शॉपचे सगळे प्लग गेज, मायक्रोमीटर एकदम घाईनं आले म्हणजे तिथं ऑडिट जवळ आलं, आणि ऑडिट जवळ आलं की कागद नीट ठेवणारा इन्स्पेक्टर लागतो. हीट ट्रीटमेंटवाले, प्लेटिंगवाले, माल पोचवणारे टेम्पोवाले, यांना कुणाकडं काम वाढलंय ते आपल्याआधी माहीत असतं. 17 वर्षं तुम्ही त्यांचे रिपोर्ट सही केलेत. त्यांच्याकडं जाऊन चहा प्या आणि सरळ सांगा, “रिकामा आहे, बघा.” नोकरीसाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन’चे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले तर चहा न घेता उठा. आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब पुरा झाला नसेल तर तो आधी मागा. 17 वर्षांची आहे, दान नव्हे.

सकाळी दहापर्यंत उठवत नाही म्हणता. हे आळसाचं लक्षण समजू नका. लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा करताना आमच्या सरांनी ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाची गोष्ट सांगितली होती. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, एकच सूतगिरणी, ती 1930 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा आणि तिचे सहकारी तिथं अभ्यासाला गेले. त्यांनी घड्याळ लावून बघितलं, तर घाई नसलेले पुरुष रस्त्यानं हळू चालत होते, दर थोड्या अंतरावर थांबत होते. बायकांच्या मागं घरचं काम होतं, त्या झपाझप जात होत्या. आणखी एक. गावात वाचनालय होतं. लोकांकडं वेळच वेळ, वर्गणीही माफ केलेली, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. वेळ मोकळा झाला म्हणजे माणूस जास्त काही करतो असं नसतं. ज्याला कुठंच पोचायचं नाही, त्याला पाच मिनिटं आणि पाच तास सारखेच.

म्हणून तुम्हाला ‘छंद जोपासा’ म्हणणार नाही. दुसरं कुणीतरी वाट बघत असेल असं एक काम अंगावर घ्या. कुपवाडला आयटीआयची पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या दोघांना सकाळी साडेसातला बोलवा आणि व्हर्नियरवर माप घ्यायला शिकवा. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मि.मी. का, हे पाठ नसून कळलेलं पोरगं मला वीस वर्षांत फार थोडं भेटलं. पैसे घेऊ नका, वेळ मात्र पाळायला लावा. ती दारात येऊन बेल वाजवतील तेव्हा तुम्ही अंथरुणात असून चालणार नाही.

राहिलं ते ‘घरून काम’. (हे वाचून मी एकटाच हसलो, माफ करा. घरी कास्टिंग आणून तपासता की काय!) माझी सासुरवाडी सांगलीजवळचं हरिपूर. तिथं हळदीची पेवं असायची, 2005 च्या पुरात बरीच गेली. जमिनीखाली, तोंड बंद करून महिनोन् महिने हळद राहते, किडीचं भय नाही. पण पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. तोंड उघडं ठेवून थांबतात, कंदील आत सोडून बघतात, तो विझला नाही तर मग माणूस उतरतो. तुम्ही अकरा महिने तोंड बंद ठेवलंय. आईला एकदम सगळं सांगू नका, या रविवारी पलूसला जा आणि फक्त एवढं म्हणा, “आई, कंपनी बंद झाली, दुसरी बघतोय.” मग तिनं विचारलं तरच पुढचं. त्या दिवशी तिथंच जेवा, लगेच गाडीला किक मारून निघू नका. गल्लीला तर सांगायचीही गरज नाही. पुढच्या लग्नाला जा, कुणी विचारलं तर हेच वाक्य. माझा अनुभव असा, की पहिल्या तिघांना सांगताना घसा कोरडा पडतो, चौथ्यापासून लोकच पत्ते द्यायला लागतात.

चाकणचं मी नको म्हणत नाही. पण मेव्हण्याला आधी नेमकं विचारा : कायम की कंत्राट, हातात पगार किती, खोलीभाडं आणि मेस वजा जाता घरी किती येणार. मुलीची बारावीची परीक्षा होईपर्यंत थांबता येतंय का तेही बघा. हा हिशेब दिवसा करा, मिसेसना बरोबर घेऊन. रात्री अकरानंतर मी स्वतः कधीच बरोबर बेरीज केलेली नाही.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. होऊन तीन वर्षं परीक्षा देतोय, नोकरीही बघतोय. “काय झालं रे?” एवढं विचारलं तरी ताटावरून उठतो. दीर गलाईच्या, सोनं गाळायच्या धंद्यात बाहेर असतात, ते म्हणतात पाठव इकडं. मी काय बोलू?
– एक आई, विटा

उत्तर : ताई, “काय झालं” हा प्रश्न महिनाभर बंद ठेवा. काही झालं असतं तर त्यानं गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं असतं. त्याऐवजी त्याला कामं सांगा, खरी, अडलेली : लाइट बिलाचा घोळ, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, मावशीला स्टँडवरून आणणं. अपयश विचारलं की पोरगं उठून जातं, काम सांगितलं तर कुरकुरत का होईना करतं.

दिरांच्या बोलावण्याचं असं आहे. विटा, आटपाडी, खानापूर भागातली पोरं सोन्याच्या गलाईसाठी देशभर गेली आणि बऱ्याच जणांनी नाव काढलं, यात वाद नाही. पण ते भट्टीवरचं, उष्णतेचं, ॲसिडच्या धुराचं काम आहे, परीक्षेत नापास झाल्याची शिक्षा म्हणून कुणी तिथं टिकत नाही. दिरांनाच सांगा, त्याच्याशी थेट फोनवर बोला म्हणावं, आठवडाभर बघायला ये म्हणून. तुम्ही मध्ये पडू नका. आणि तो आज रात्री ताटावरून उठलाच तर भाकरी झाकून ठेवा, हाक मारू नका. दहाच्या सुमारास येतो खायला. आमचाही यायचा.