कीटो डाएट केलं की कॅन्सरची गाठ उपाशी मरते का?

तुमच्या आईंची स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे आणि भाऊ म्हणतो, साखर-पोळी-भात बंद करून कीटो, म्हणजे भरपूर तूप-तेलाचा आहार, करू, गाठ उपाशी मरेल. करावं का, असं विचारलंय. आम्ही केलं होतं, म्हणून लिहितो.

वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आम्ही नाशिकचे, दिंडोरीकडचे द्राक्षवाले. फेब्रुवारीत बागेत काढणी चाललेली आणि घरात द्राक्षाला बंदी, मीच घातलेली. सकाळी अंडी, दुपारी पनीर, भाजीवर तुपाची धार. केमोनंतर तुपाच्या नुसत्या वासाने त्यांना उमासे यायचे. एकदा उशीचा अभ्रा बदलताना आत घडाचा मोकळा देठ सापडला. सत्तरीचा माणूस स्वतःच्याच बागेतली द्राक्षं चोरून खात होता! तीन आठवड्यांत वजन 58 वरून 53 किलोवर आलं आणि डॉक्टरांनी पुढची केमो लांबवली.

भाऊ अगदीच हवेत बोलत नाही. ऑक्सिजन असतानाही गाठ ग्लुकोज भराभर जाळते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. शरीरात गाठ कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन त्याच जोरावर चालतो. पण तोंडाने साखर बंद केली तरी यकृत ती बनवतच राहतं, आणि खाणं कमी पडलं की त्यासाठी स्नायू झिजतात. कीटो मुळात 1921 साली फिट्सच्या रुग्णांसाठी निघालं. कॅन्सरमध्ये त्याच्या चाचण्या छोट्या, बऱ्याचशा मेंदूच्या गाठींवरच्या. आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. 2018 साली उंदरांवरच्या एका अभ्यासात एका विशिष्ट औषधाला कीटोची चांगली साथ मिळाली; त्याच अभ्यासात नुसत्या कीटोवर ठेवलेल्या उंदरांचा रक्ताचा कॅन्सर उलट बळावला. हे दुसरं वाक्य व्हॉट्सॲपवर कोणी पुढे पाठवत नाही.

आम्ही पुन्हा मऊ भात, वरण, अंडी, दही सुरू केलं. आहारतज्ज्ञ बाईंनी दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांचं गणित दिलं आणि दर सोमवारी वजन लिहायला लावलं. द्राक्षंही दिली, नीट धुऊन.

भाऊ ऐकतच नसेल तर त्याला कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसवा. आणि आईंना मधुमेह असून गोळीतल्या औषधाच्या नावात शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, तर कीटोचं नावही काढू नका. रक्तात आम्ल वाढून जिवावर बेततं.