पॅकेज की मित्र? एपिक्युरसला विचारून बघ

अरे, तुझा मेसेज वाचला. एका ऑफरमध्ये पॅकेज दणदणीत पण त्या शहरात ओळखीचं चिटपाखरू नाही, दुसरीत पगार बेताचा पण जिवाभावाचे मित्र तिथेच, आणि तू विचारतोयस की सुखी व्हायला यातलं काय घ्यावं.

माझं ऐकशील तर आधी एपिक्युरस वाच, म्हणजे तो प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ. लोकांनी त्याला खा-प्या-मजा करा वाला करून टाकलंय पण तसं अजिबात नाहीये, त्याचं रोजचं जेवण म्हणजे भाकरी आणि पाणी, एकदा तर त्याने मित्राला लिहिलं की थोडं चीज पाठव म्हणजे मनात आलं की मेजवानी करता येईल. इ.स.पू. 306 च्या आसपास त्याने अथेन्समध्ये बाग घेतली आणि तिथे मित्रांसोबत राहू लागला. बायका आणि गुलामसुद्धा तिथे शिकायला असायचे, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

पुढे डेमेट्रियस नावाच्या मॅसेडोनियन सेनानीने अथेन्सला वेढा घातला, शहरात अन्नान्नदशा झाली. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहिलंय की एका घरात छतावरून मेलेला उंदीर पडला तर त्यासाठी बाप आणि मुलगा एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आणि त्याच शहरात एपिक्युरस कडधान्याचे दाणे मोजून सगळ्यांना वाटत होता, त्यावर त्याची माणसं तगली. मला त्याचं तत्त्वज्ञान या दाण्यांत जास्त कळतं.

तो म्हणायचा, भूक, तहान, निवारा या गरजा थोडक्यात भागतात, पण पैसा आणि नाव यांची हाव कुठे थांबतच नाही. म्हणून पॅकेजचा आकडा बघताना स्वतःला विचार, यातलं मला खरंच किती लागणार आहे? घरचं कर्ज असेल, आईबाबांचं आजारपण असेल तर ती गरज आहे, तिथे बिनधास्त जास्त पगार घे, त्यात काही कमीपणा नाही. पण नुसतं लिंक्डइनवर दाखवायला असेल तर सोड.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही हां, सार्वजनिक कामापासून लांब राहा हा सल्ला तर मुळीच नाही. पण मैत्रीबद्दल तो शंभर टक्के बरोबर आहे. मरायच्या दिवशी मुतखड्याच्या असह्य वेदना होत असताना त्याने मित्राला पत्रात लिहिलं की आपल्या जुन्या गप्पा आठवून मन आनंदात आहे.

त्याचं मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेलं पत्र नेटवर मिळेल, अगदी छोटं आहे. ते वाच आणि ऑफरला उत्तर देण्याआधी मला फोन कर.